म्हाताऱ्या फटफट्यांची जत्रा

दिवाळीचा फराळ आणि एरंडेल यांचे नाते ज्यांना ठाऊक नाही, असे भाग्यवान लोक आता पुष्कळ झाले आहेत. आमच्या लहानपणी तसे नव्हते. चार दिवस चकल्या-करंज्यांवर हात मारला, की पाचव्या दिवशी सकाळी आजी एरंडेलाची वाटी घेऊन दारात उभीच! तेव्हापासून या तेलाविषयी मनात जी अढी बसली ती साठ वर्षे टिकली. ती सुटली कुठे म्हणाल, तर गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडातल्या एका शेतात.

भाचा तिकडे पश्चिम इंग्लंडात असतो. एका रविवारी सकाळी म्हणाला, "मामा, रबरी बूट घाला. आज तुम्हाला इथली जत्रा दाखवतो." तासाभराने आमची गाडी एका शेताच्या फाटकातून आत शिरली. फाटकाशी एक आजीबाई घडीची खुर्ची टाकून पैसे घेत बसल्या होत्या. आत कुरणात गाड्यांची दाटी, चहाचा धूर, आणि हवेत एक गोडसर वास. मी दोनदा नाक वर करून हुंगले. विचारले, "काय रे, उदबत्ती कसली लावलीय?"

"उदबत्ती नव्हे मामा, एरंडेल!"

मी दोन पावले मागे सरलो. पण खरेच होते ते. शर्यतीच्या जुन्या इंजिनांत अजूनही एरंडाच्या तेलाचे वंगण घालणारे शौकीन आहेत. 'कॅस्ट्रॉल' हे नावच मुळी एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून पडले. आणि जगात सर्वांत जास्त एरंडी पिकते ती आपल्या देशात! म्हणजे आजीच्या वाटीतले तेल आमच्या आधीच इकडे येऊन पोचले होते.

तर ही जत्रा होती म्हाताऱ्या फटफट्यांची. रानातल्या चढउतारांवरून, चिखलातून फटफट्या पळवण्याच्या या शर्यतीला इंग्रज पूर्वी 'स्क्रॅम्बल' म्हणत. आज जगभर तिला 'मोटोक्रॉस' म्हणतात. हा खेळ १९२४ साली इंग्लंडातच, कँबर्लीजवळच्या माळावर जन्मला असे मानतात. १९५७ मध्ये ५०० सी.सी. वर्गाची जागतिक स्पर्धा सुरू झाली. १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षे जेफ स्मिथ या इंग्रज गड्याने बी.एस.ए. गाडीवर तिचे विजेतेपद मिळवले. पण तोवर हलक्या टू-स्ट्रोक गाड्यांचे दिवस आले होते. १९६६ पासून सलग तीन वर्षे पाउल फ्रीड्रिक्सने चेकोस्लोव्हाकियाच्या सी-झेड गाडीवर ते विजेतेपद नेले. भारदस्त इंग्रजी गाड्या मागे पडल्या, आणि पुढे त्यांचे कारखानेही बंद झाले.

गाड्या मात्र गोठ्यांत, कोठारांत पडून होत्या. त्या शोधून, घासूनपुसून, सुटे भाग स्वतः घडवून पुन्हा रानात आणणारी ही मंडळी. कोणी निवृत्त सुतार, कोणी शाळामास्तर, कोणी दूधवाला. गाडी १९६५ च्या आधीची की नंतरची, तिला मागे दोन शॉक ॲब्सॉर्बर आहेत की नाहीत, यावरून वर्ग पडतात. नव्या गाडीचे चाक फूटभर वरखाली होते. जुनीचे मागचे चाक जेमतेम चार इंच. उरलेले आठ इंच स्वाराने गुडघ्यांनी भरून काढायचे! आणि गुडघे तर बहुतेकांचे साठीच्या पलीकडचे.

शर्यतीआधी गाड्यांमधून हिंडण्यात मोठा आनंद आहे. एकाचा प्लग गेला, तर ज्याच्याशी त्याची चुरस तोच आपला प्लग काढून देतो. एका कोपऱ्यात लाल सी-झेड उभी होती. तिची टाकी, तिचे इंजिन पाहून माझी पावले थबकली. १९७९ साली मी येझदी घेतली होती. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बनत, त्या याच चेक घराण्यातल्या. जावा आणि सी-झेड म्हणजे चुलतबहिणीच. "किक आणि गिअर एकाच दांड्यात असलेली गाडी मी वापरलीय," असे मी त्या मालकाला सांगितले. त्याने मला लगेच आपल्या खुर्चीवर बसवले आणि चहा दिला. इतका मान मला आमच्या सोसायटीतही कधी मिळालेला नाही.

शर्यती सुरू झाल्या. पंचवीसेक स्वार एका ताणलेल्या रबरी दोरीमागे ओळीने उभे. दोरी सटकन सुटली, की सगळे एकाच वळणाकडे धावत सुटायचे. जमीन हादरत होती. तिसऱ्या शर्यतीत टेकडीखालच्या वळणावर एक म्हातारा स्वार पडला आणि उठेना. लाल झेंडे फडकले, शर्यत थांबली. खांद्याचे हाड मोडले होते. रुग्णवाहिका त्याला घेऊन इस्पितळाकडे गेली, आणि सगळी जत्रा गप्प झाली. कारण मैदानावर ठरलेली वैद्यकीय व्यवस्था हजर नसेल तर पुढची शर्यत सोडता येत नाही.

तासाभराने रुग्णवाहिका परतली. तरी शर्यत सुरू होईना. त्या वळणावर झेंडा धरून उभा असलेला माणूस जखमी म्हाताऱ्याचाच मुलगा होता, आणि तो बापाबरोबर गेला होता. क्लबाचे चिटणीस हातात पिवळा झेंडा घेऊन प्रेक्षकांतून विचारत फिरू लागले. लोक आपापल्या चहात पाहू लागले. ते आमच्याजवळ आले तेव्हा म्हणाले, "स्वार पाहिजे तेवढे मिळतात. झेंडेवाले मिळत नाहीत. ही जत्रा एक दिवस मोडेल ती यानेच."

भाच्याने हात वर केला. मीही केला. एका कागदावर सह्या झाल्या, दहा मिनिटांची शिकवणी झाली, अंगात केशरी बंडी चढली. माझे काम एवढेच, की चढाकडे पाहायचे आणि कोणी येताना दिसले की ओरडायचे. दुसऱ्याच फेरीत आमच्यासमोर एक स्वार घसरून गाडीखाली अडकला. चढापलीकडून वीस गाड्यांचा आवाज येत होता. त्यांना खालचे काहीच दिसत नव्हते. मी मराठीतच ओरडलो, "आले!" भाच्याने झेंडा फडकावला. तो माणूस आणि ती वीस फटफट्यांची झुंड यांच्यामध्ये त्या क्षणी फक्त हातभर पिवळे कापड होते. गाड्या एकेक करून मंदावल्या, कडेने गेल्या. अडकलेला सुटला, त्याने आम्हांला हात केला, किक मारली आणि गेला. माझे पाय पुढे कितीतरी वेळ थरथरत होते.

संध्याकाळी चिटणीसांनी हिशेब सांगितला. इंग्लंडात नियोजनाची खास परवानगी न काढता एका शेतात अशा शर्यती वर्षातून फार तर १४ दिवस भरवता येतात, आणि सरावाचे दिवसही त्यातच मोजायचे. शेतकऱ्याचे भाडे, रुग्णवाहिका, विमा, परवाना. हे सारे भागायचे स्वारांची फी आणि फाटकावरचे पैसे यांतून. बक्षीस म्हणून एक छोटासा पेला. मला आपल्याकडचा जत्रेतला कुस्त्यांचा फड आठवला. तिथे नाव होते ते पैलवानाचे. पण हौद्याची माती कोणी चाळली, पावत्या कोणी फाडल्या, हे कोण विचारतो? आणि नेमकी तीच माणसे संपली की फड संपतो.

म्हणून माझे सांगणे इतकेच. अशी जत्रा कुठेही भरो, नुसती पाहून परतू नका. फाटकावर पैसे द्या, चहा तिथलाच घ्या, बरोबर एखादे पोर न्या. आणि कोणी झेंडा घेऊन विचारत आला, तर चहात पाहू नका.

निघताना तो म्हातारा हात गळ्यात बांधून परत आलेला दिसला. इस्पितळातून तो थेट इकडेच आला होता आणि आपल्या गाडीचा वाकलेला दांडा चाचपून पाहत होता. मुलगा त्याच्यावर रागावत होता, आणि बाप ऐकत नव्हता. तेवढे मात्र अगदी आपल्याकडच्यासारखे होते.

यंदा दिवाळीला पाचव्या दिवशी कोणी एरंडेलाची वाटी पुढे केली, तर मी ती घेईन. पिणार नाही, वास घेऊन परत देईन.