हिरवी फांदी

माझ्या बाल्कनीत एक फायकस आहे. फायकस बेंजामिना, पांढऱ्या कडांच्या पानांचा. चार वर्षांपूर्वी घेतला तेव्हा नर्सरीवाला म्हणाला होता, "साहेब, मेंटेनन्स काही नाही. पाणी घाला, बास." मला तेवढंच ऐकायचं होतं!

गेल्या पावसाळ्यात खालून एक फांदी फुटली. पानं गर्द हिरवी, पांढऱ्याचा मागमूस नाही. मी खूश. वर रिलीजची धावपळ, त्यामुळे पुढे लक्षच गेलं नाही. परवा शनिवारी नीट बघितलं तर अर्धं झाड हिरवं झालंय आणि पांढऱ्या फांद्या त्याच्या सावलीत झडत चालल्यात.

याला म्हणतात रिव्हर्जन. आपल्या भाषेत, झाडाने 'रिव्हर्ट' मारलाय. अशी चितकबरी झाडं बरेचदा 'कायमेरा' असतात. म्हणजे एकाच कोंबात दोन प्रकारच्या पेशींचे थर, काहींत हरितद्रव्य असतं, काहींत नसतं. एखादा डोळा नुसत्या हिरव्या पेशींतून फुटला की ती फांदी अख्खी हिरवी. जुना कोड डिलीट झालेलाच नसतो! आणि हिरवी फांदी अन्न जास्त बनवते, म्हणून वाढतेही जोरात.

बुटक्या झाडांतही हा प्रकार होतो. तिकडे थंड देशांत घरोघरी दिसणारा ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस घ्या. १९०४ साली कॅनडात, आजच्या लेक लुईसजवळ, अर्नोल्ड आर्बोरेटमच्या रेडर आणि जॅक या दोघांना तो सापडला. वर्षाला जेमतेम ५ ते १० सेंटिमीटर वाढणारा, शंकूसारखा गुबगुबीत. पण मधूनच त्याला मूळच्या व्हाइट स्प्रूसची दांडगी फांदी फुटते. वेळेत कापली नाही तर काही वर्षांत ती अख्खं झाड गिळते.

आई फोनवर म्हणाली, "अरे, हिरवं तर झालंय. चांगलंच की! कशाला कापतोस? जे नैसर्गिक आहे ते होऊ दे." ऐकायला बरोबर वाटतं. पण आठव्या मजल्यावर, कुंडीत, कलमाने वाढवलेल्या झाडात नैसर्गिक असं काय उरलंय? आपण हौसेने निसर्गाच्या विरुद्ध काहीतरी निवडलं. मग ते टिकवायचं कामही आपलंच. हिरवी फांदी हा रोग नाही, झाडाची चूकही नाही. ते फक्त आपल्या मूळ स्वभावावर जातंय.

म्हणून माझं मत सरळ आहे: हिरवंच झाड हवं असेल तर खुशाल वाढू द्या, पण ते ठरवून. पांढरं हवं असेल तर पहिली हिरवी फांदी दिसताच जिथून फुटली तिथून कापा. नुसता शेंडा खुडून भागत नाही. हातमोजे घाला, चीक त्वचेला त्रास देऊ शकतो. आणि झाड चांगल्या उजेडात ठेवा. न ठरवता "बघू नंतर" म्हणणं हा तिसरा पर्याय नाही. तिथे झाडच ठरवतं.

मी तेच केलं. तेव्हा एक फांदी कापायची होती, आज अर्धं झाड कापावं लागलं. उरलेलं जगेल का, ते फेब्रुवारीत नवी पालवी आली की कळेल.

असो. चहा घेऊन एकदा आपापल्या बाल्कनीत डोकावून या.