शाळेचे अनुदान : अर्ज एका रात्रीचा, तयारी तीन वर्षांची



या सदरात आपण बियाणे, खते, पाणी आणि शेतीच्या योजना यांवर नेहमी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तुमच्या घराशी त्याचा संबंध एखाद्या पिकाइतकाच जवळचा आहे. गावच्या जिल्हा परिषद शाळेला पैसा कसा मिळतो, आणि शाळा-शाळांत चढाओढ लावून जो पैसा वाटला जातो तो एका गावाला मिळतो नि शेजारच्या गावाला का मिळत नाही, हे आज पाहू. ज्या घराला परवडते ते घर आपले पोर इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवून तालुक्याला धाडते. ज्याला परवडत नाही त्याची मुले गावच्याच शाळेत शिकतात. तेव्हा त्या शाळेचे छत गळते की नाही, हा प्रश्न एकट्या मास्तरांचा नाही.

शाळेकडे पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. पहिली वाट पटाची. समग्र शिक्षा योजनेत पटसंख्येप्रमाणे संयुक्त शाळा अनुदानाचे दर ठरवले गेले. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० पटाला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख. यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा. साठ मुलांच्या शाळेला महिन्याकाठी जेमतेम दोन हजार पडतात. त्यात वीजबिल, खडू, फिनेल आणि किरकोळ दुरुस्ती भागते. खोली बांधून होत नाही.

दुसरी वाट चढाओढीची. येथे सर्वांना वाटून देत नाहीत. शाळांनी अर्ज करायचा, गुण मिळवायचे आणि जिच्यात ती पात्रता दिसेल तिला मोठी रक्कम मिळायची. याचे ठळक उदाहरण म्हणजे पीएम श्री योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती ७ सप्टेंबर २०२२ रोजी मंजूर केली. देशातील १४,५०० हून अधिक शासकीय व स्थानिक संस्थांच्या शाळांसाठी २०२२-२३ ते २०२६-२७ या पाच वर्षांचा एकूण खर्च २७,३६० कोटी रुपये धरला गेला. आपल्या राज्यात ८४६ शाळांचे नियोजन झाले. एका शाळेला पाच वर्षांत १ कोटी ८८ लाख रुपये, त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के.

आता निवड कशी झाली ते पाहा. धान्य तीन चाळण्यांतून काढावे तसा हा प्रकार होता. पहिली चाळणी राज्याची. राज्य शासनाने केंद्राशी करार केला तरच त्या राज्यातील शाळा पुढे जाणार. दुसरी चाळणी कागदाची. शाळेची जी माहिती युडायस नोंदीत आधीच भरलेली होती, तिच्यावरून किमान अटी तपासल्या गेल्या. पक्की इमारत, उतरंड म्हणजे रॅम्प, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, हात धुण्याची सोय, वीज, वाचनालय, खेळाचे साहित्य आणि राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त पट अशा त्या अटी होत्या. या चाळणीतून जी शाळा खाली पडली तिला अर्जच करता आला नाही. तिसरी चाळणी गुणांची. शाळेने स्वतः संगणकावर अर्ज भरायचा. अध्यापन, इमारत, शिक्षक, सर्व मुलांना सामावून घेणे, कारभार आणि पालक-विद्यार्थ्यांचे समाधान अशा बाबींवर गुण. ग्रामीण शाळेला किमान ६० टक्के आणि शहरी शाळेला ७० टक्के मिळायला हवेत. त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी. आणि एवढे करून एका तालुक्यातून जास्तीत जास्त दोनच शाळा, एक प्राथमिक गटातली आणि एक माध्यमिक गटातली.

राज्य शासनाची ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ ही स्पर्धाही तुमच्या कानावर आली असेल. तिचा पहिला टप्पा १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२४ या काळात झाला. १०० पैकी ६० गुण विद्यार्थ्यांच्या उपक्रमांना आणि ४० गुण शाळेच्या व्यवस्थापनाला होते. तालुक्यात पहिल्या तीन शाळांना ३, २ आणि १ लाख रुपये, तर राज्यात पहिल्या शाळेला ५१ लाख असे बक्षीस होते. त्याच वर्षी दुसरा टप्पाही झाला.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. या स्पर्धा आपल्या पीक स्पर्धेसारख्या आहेत. पीक स्पर्धेत अर्ज कितीही सुवाच्य असला तरी कापणी समितीसमोर होते आणि काटा जे दाखवेल तेच खरे. नांगरट, बीजप्रक्रिया, खताच्या मात्रा हे सगळे आधीच होऊन गेलेले असते. शाळेचेही तसेच. अर्जाची तारीख जाहीर झाली की गावात धावपळ उडते, भिंती रंगवल्या जातात, फोटो काढले जातात. पण तोवर दुसरी चाळणी होऊन गेलेली असते. तहान लागल्यावर विहीर खणून पाणी लागत नाही.

मग तयारी कोणी करायची? पुष्कळांना वाटते, हे मुख्याध्यापकांचे काम. शिक्षण हक्क कायदा तसे म्हणत नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा असतो. आणि त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, शासनाने किंवा जिल्हा परिषदेने शाळेसाठी करावयाच्या योजना आणि द्यावयाची अनुदाने यांचा आधार हा आराखडा राहील. हे वाक्य समितीच्या प्रत्येक सदस्याने पाठ करून ठेवावे असे आहे. आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्यात दर वर्षाचा वेगळा हिशेब असतो. तुमच्या गावचा आराखडा कपाटात आहे का, आणि असला तर तो कोणी लिहिला, हे एकदा विचारून पाहा.

समितीने काय करावे ते आता क्रमाने सांगतो.

पहिले काम नोंदीचे. युडायस म्हणजे शाळेचा सात-बारा समजा. प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो आणि ३० सप्टेंबर या तारखेची स्थिती नोंदीसाठी धरली जाते. पीक पाहणीत कापूस नोंदवलाच नाही तर अतिवृष्टीत तो गेल्यावर भरपाईच्या वेळी अडचण येते, हे तुम्हाला सांगायला नको. तसेच शाळेत नळ बसला, पण नोंदीत ‘पाणी नाही’ राहिले, तर वरच्या कचेरीच्या लेखी पाणी नाहीच. म्हणून दरवर्षी मुख्याध्यापकांकडून भरलेल्या माहितीची प्रत घ्यावी आणि समितीने ती हातात धरून शाळेभोवती एक फेरी मारावी. जे आहे ते लिहिले आहे का, जे लिहिले आहे ते आहे का, एवढेच पाहायचे. खोटी माहिती मात्र कोणी भरू देऊ नये. पाहणीला माणूस येतो तेव्हा ती उघडी पडते.

दुसरे काम जागेचे. कितीतरी गावांत शाळेची जागा कोणा दानशूर शेतकऱ्याने आजोबा-पणजोबांच्या काळी तोंडी दिलेली असते. फेरफार झालेला नसतो, सात-बारावर आजही वारसांची नावे असतात. भाऊबंदकीत एक वारस आडवा आला की मंजूर खोलीही अडते. घरातली जाणती माणसे हयात आहेत तोवर रीतसर बक्षीसपत्र नोंदवून फेरफार करून घ्यावा. दान ज्याने दिले त्याच्या नावाची पाटी शाळेत लावावी, म्हणजे नातवंडांनाही त्याचा अभिमान राहील. पडकी, धोकादायक खोली असेल तर तिचे निर्लेखन आधी करून घ्यावे. जुनी खोली कागदावर उभी राहिली तर नवीन मागताना प्रश्न येतो.

तिसरे काम मागणी नीट मांडण्याचे. ‘शाळेला खोलीची नितांत गरज आहे, तरी मंजूर व्हावी ही विनंती’ असे ठराव ढिगाने जातात आणि ढिगातच राहतात. समजा, आपण असे लिहिले : ‘इयत्ता पहिली ते चौथी, पट ६४. खोल्या ३. त्यांपैकी एका खोलीचे पत्रे गंजले असून जून ते सप्टेंबर ती वापरता येत नाही. त्या काळात दुसरी व तिसरीची ३४ मुले एका खोलीत बसतात. पत्रे बदलण्याचे अभियंत्याने केलेले अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. काम झाल्यावर दोन्ही वर्ग वेगळे बसतील आणि वर्षअखेर त्यांची वाचन चाचणी घेऊन निकाल समितीपुढे ठेवला जाईल.’ यात अडचण किती, कोणाची, खर्च काय आणि पैशाने नेमके काय बदलले हे कसे कळणार, सगळे आले. वाचणाऱ्याला निर्णय घेता येतो.

चौथे काम हिशेबाचे. मागे आलेल्या १० किंवा २५ हजारांच्या पावत्या, रोकडवही आणि उपयोगिता प्रमाणपत्र ज्या शाळेचे चोख, तिच्यावर मोठी रक्कम सोपवायला कोणी कचरत नाही. लोकवर्गणीही पावती फाडूनच घ्यावी. कोणी श्रमदान केले, कोणी विहिरीवरून पाइप दिला, तेही वहीत लिहावे.

पाचवे काम बैठकीचे. महिन्याला बैठक व्हावी असा दंडक आहे. पुष्कळ ठिकाणी वही घरोघर फिरते आणि आयाबहिणी चुलीपुढे बसून सही करतात. यात त्यांचा दोष नाही, बैठकच खुरपणीच्या वेळी ठेवलेली असते. बैठक संध्याकाळी ठेवावी आणि सहीपूर्वी इतिवृत्त मोठ्याने वाचावे. शाळेतल्या स्वच्छतागृहाला कडी आहे की नाही, हे मुलगी आपल्या आईलाच सांगते.

आता एक कडू गोष्ट. इतके सारे करूनही वाडीवरची वीस मुलांची शाळा अशा स्पर्धेत बसणार नाही. पीएम श्रीमध्ये सरासरीहून जास्त पटाची अटच होती. ज्या शाळेत आधीच बरे आहे तिला आणखी मिळावे, म्हणजे ओलिताच्या रानालाच पुन्हा पाणी द्यावे, असा या चढाओढीचा स्वभाव आहे. त्यातून चांगला नमुना उभा राहतो हे खरे, पण कोरडवाहू रान कोरडेच राहते. म्हणून लहान शाळेच्या पालकांनी बक्षिसाची वाट पाहू नये. पाणी, स्वच्छतागृह, सुरक्षित खोली या गोष्टी कायद्याने द्यावयाच्या आहेत. त्यांसाठी समितीचा आराखडा ठरावासह जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे द्यावा, त्याची पोहोच घ्यावी, आणि ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याच्या ग्रामसभेत शाळेचे काम नाव घेऊन लिहवून घ्यावे. हे मागणे हक्काचे आहे, स्पर्धेचे नाही.

ज्या शाळांना पैसा मिळाला त्यांनीही सावध असावे. पाच वर्षांनी योजनेची मुदत संपली तरी संगणक, प्रयोगशाळा आणि नळ सांभाळावेच लागतात. ठिबक संच बसवला आणि फिल्टर कधी धुतला नाही, तर दोन हंगामांत नळ्या बुजतात. त्याची देखभाल कोण करणार आणि खर्च कुठून येणार, हेही आराखड्यातच लिहून ठेवावे.

रब्बीची पेरणी आटोपली की थोडी उसंत मिळते. डिसेंबरअखेर आराखडा तयार असला तर मार्चपूर्वी तो योग्य त्या टेबलावर पोहोचतो. तेव्हा समितीच्या येत्या बैठकीत तीनच कागद मागा : युडायसची प्रत, जागेचा उतारा आणि शाळेचा विकास आराखडा. तिन्ही हाती आले तर तुमची शाळा पुढच्या अर्जाला तयार आहे असे समजा. एखादा नसेल, तर तुमचे काम तिथूनच सुरू होते.