खामचे पाणी : चर्चेत वस्तीलाही जागा हवी

जटवाड्याच्या डोंगरात उगम पावणारी खाम नदी आपल्या शहरातून वाहत पुढे नाथसागराला मिळते. त्याच नाथसागराचे पाणी आपण पितो. काठावरचा कचरा दिसतो, उचलताही येतो. औषधे, कीटकनाशके, रसायने यांचे सूक्ष्म अंश मात्र दिसत नाहीत आणि नेहमीची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे ते पूर्ण काढू शकत नाहीत. म्हणून ते जिथून निघतात तिथेच रोखावे लागतील.

आमची मागणी साधी आहे. कारखानदार, रुग्णालये, शेतकरी, महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्यासोबत काठावरच्या वस्त्यांचे प्रतिनिधीही बैठकीत हवेत, तपासणीचे आकडे जाहीर व्हावेत. १९२७ च्या महाड सत्याग्रहाने पाण्यावरचा समान हक्क बजावला. शुद्ध पाणी मागणे ही त्याच लढ्याची पुढची पायरी आहे.