निर्मिकास दलाल कशास?

पाऊस लांबला की अजूनही कोठे कोठे जपानुष्ठान बसते, आणि कुणबी बियाण्यास राखलेला पैसा दक्षिणेत घालतो. का? तर म्हणे, आपल्या तोंडचे देवास पोहोचत नाही! आम्ही विचारितो, देहूच्या तुकोबांनी विठ्ठलास हाक मारिली ती कोणत्या भाषेत? जोतीरावांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढिला, तो हेच सांगण्यास की, निर्मिक व त्याची लेकरे यांच्यामध्ये दलाल नको.

आमच्या गावच्या एका माळणीस आजारी नातवासाठी जपाचा खर्च सांगण्यात आला. तिने तो पैसा औषधास ठेविला व रात्रभर उशाशी बसून आपल्याच बोलीत देवास विनविले. उजाडताच पोरास दवाखान्यात नेले. पोर वाचले. देवाने ऐकिले, असे ती म्हणते. आम्हीही तेच म्हणतो.