सुईचे टोक आणि कायद्याची ढाल

नागपूरचे ‘मेडिकल’ व ‘मेयो’ ही साऱ्या विदर्भातील गोरगरिबांची आशास्थाने. सरकारी रुग्णालयात परिचारिकेवर हात उगारणाऱ्यास २०१० च्या राज्य कायद्यान्वये तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु कचऱ्यातील वापरलेली सुई सफाई कामगाराच्या बोटात शिरते, तेव्हा ना आरडाओरडा होतो, ना फिर्याद. काविळीचा विषाणू मात्र निमूटपणे रक्तात उतरू शकतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी अशा कामगारांना हेपटायटिस-बी व धनुर्वाताची लस, तसेच वार्षिक आरोग्यतपासणी बंधनकारक केली आहे. त्यांत कायम आणि कंत्राटी असा भेद नाही. किती जणांना लस मिळाली, हे प्रत्येक अधिष्ठात्याने दरवर्षी जाहीर करावे. सेवा करणाराच खाटेवर पडला, तर रुग्णाने कोणाकडे पाहावे?