मोठा चोणक सोडताना

मे महिन्याच्या सुट्टीत बेळगावची माझी भाची आली आणि चहा संपायच्या आत म्हणाली, "मामा, या वेळी मला चोणक पकडायला शिकव." हे ऐकून आमच्या आईने लगेच नारळ काढून ठेवला. तिच्या दृष्टीने मासा पकडलाच होता!

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमचा चोणक म्हणजे रायगडचा जिताडा, बंगालची भेटकी आणि ऑस्ट्रेलियाचा बारामुंडी. मासा एकच. रुपेरी अंग, मोठे तोंड, गोल शेपटी. गळाला लागला की पाण्याबाहेर उसळी मारतो, म्हणून गळ टाकणाऱ्यांचा लाडका.

मांडवीकाठच्या एका मानशीवर आम्ही गेलो. मानस म्हणजे खाजन शेताच्या बांधातले पाण्याचे दार. भरती-ओहोटीचे पाणी तिथून आत-बाहेर होते. तिथल्या मासेमारीचा हक्क बहुधा लिलावात कोणीतरी घेतलेला असतो, तेव्हा आधी त्या माणसाला विचारायचे. त्याने "टाका, पण दारापासून लांब" म्हणून परवानगी दिली.

भाचीला पहिला धडा दिला तो नुसते बघायचा. चोणक भक्ष्याच्या मागे फार धावत नाही, दबा धरून बसतो. ओहोटी लागली की मानशीतून सुंगटे आणि बारीक मासे पाण्याबरोबर बाहेर येतात. चोणक धारेच्या कडेला, जिथे पाणी संथ फिरते तिथे, तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. पुलाचे खांब आणि खारफुटीची मुळे याही त्याच्या आवडत्या जागा. वेळ संध्याकाळची उत्तम.

दुसरा धडा दोरीचा. चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते आणि तोंडाची कड कानशीसारखी खरखरीत. म्हणून गळाजवळ हातभर जाड नायलॉन बांधायचे, आणि कल्ल्यात बोट कधीच घालायचे नाही. आमिषाला जिवंत सुंगट चालते. आम्ही रबरी मासा लावला होता. तो धारेच्या वर टाकायचा, पाण्याबरोबर येऊ द्यायचा आणि मधेच क्षणभर थांबवायचा. बहुतेक वेळा त्या थांबण्यातच चोणक तोंड घालतो.

तासभर काही नाही. भाची कंटाळून डास मारत होती, तेवढ्यात रॉड वाकला.

"टोक खाली! दोरी सैल सोडू नकोस!" मी ओरडलो. मासा उसळतो तेव्हा डोके झटकतो, आणि दोरी सैल असली तर गळ सुटतो. तिने दोन उसळ्या सांभाळल्या. दहा मिनिटांनी जाळीत आला तो माझ्या कमरेपर्यंत पोचेल एवढा चोणक. पोट फुगलेले.

आणि मी गप्प झालो. चोणक बहुधा नर म्हणूनच वयात येतो, आणि काही वर्षांनी त्याची मादी होते. म्हणजे एवढा मोठा चोणक जवळजवळ नक्कीच मादी. पाऊस लागला की ती नदीच्या मुखाकडे जाऊन लाखो अंडी घालणार. क्वीन्सलँडमध्ये तर खाडी-नदीतला १२० सेंटिमीटरपेक्षा लांब बारामुंडी सोडून द्यावाच लागतो. आपल्याकडे तसे कोणी सांगायला येत नाही. मीही तरुणपणी असे कितीतरी मासे मिरवत घरी नेले आहेत. आज त्याच मानशीवर एका चोणकासाठी आठवडा जातो, त्यात माझाही वाटा आहे.

हे सगळे मी भाचीला सांगितले आणि म्हणालो, "मासा तुझा. तू ठरव."

ती एकदा माशाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. "आजीला काय सांगायचं?" एवढेच विचारले. मग आम्ही गळ काढला, ओल्या हातांनी दोन्हीकडून आधार देऊन मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला. कल्ले नीट हलू लागले, शेपटीचा एक फटका बसला आणि आम्ही दोघे भिजलो.

घरी येऊन भाचीने सगळे खरे सांगितले. आईने वाटलेल्या नारळाकडे पाहिले, मग तिच्याकडे. "गाबोळीचा मासा होता ना? मग बरं केलंस," म्हणाली, आणि मला बाजारात पिटाळले. त्या रात्री आम्ही बांगड्याचे हुमण जेवलो.

पुढच्या सुट्टीत भाची परत येणार आहे. या वेळी रॉडबरोबर मोजपट्टीही आणते म्हणाली.