चुन्याची डबी कायद्याला दिसत नाही

तंबाखू सुटत नाही म्हणजे मन दुबळं, हे ऐकून माझे कान किटले आहेत. व्यसनमुक्तीच्या व्यासपीठावर तेच, ओपीडीत तेच, शाळेतल्या व्याख्यानातही तेच. मी औषधशास्त्र शिकवते. आमच्या विषयातली एक साधी गोष्ट प्रत्येक डॉक्टरने विद्यार्थीदशेत पाठ केलेली असते आणि परीक्षा संपताच टाकून दिलेली असते. ती लक्षात राहिली असती तर या मंडळींनी मनोबलाची प्रवचनं झोडण्याआधी चुन्याकडे बोट दाखवलं असतं.

तंबाखू मळणारा माणूस एकदा नीट बघा. डाव्या तळहातावर पानाचा चुरा, नखाच्या टोकावर चुना, वरून उजवा अंगठा. चांगलं रगडायचं, दोन थापा मारून भुकटी उडवायची आणि चिमूट खालच्या ओठाआड सारायची. चुना कमी पडला तर तो म्हणतो, "लागत नाही." त्याचं हे म्हणणं शास्त्राच्या कसोटीवर तंतोतंत खरं आहे.

निकोटिन हा अल्कधर्मी पदार्थ. त्याचा रेणू कधी विद्युतभार घेऊन असतो, कधी भाराविना. आपल्या पेशींचं पटल स्निग्ध असतं. भार नसलेला रेणू त्यातून सहज पार होतो, भारित रेणू बाहेरच अडतो. कोणता रेणू किती, हे सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. सामू ८ असेल तर निकोटिनची वाटणी साधारण निम्मी-निम्मी होते. नुसत्या वाळवलेल्या पानाचा सामू ५ ते ६ असतो, तिथे पार होऊ शकणारं निकोटिन जेमतेम १ टक्का, बहुधा त्याहूनही कमी. चुना रगडला की सामू ९ वर जातो आणि तोच आकडा ९० टक्क्यांवर पोचतो. पान तेच, वजन तेच, चिमूटही तीच. चिमूटभर चुन्याने तंबाखूचं अस्त्र झालं.

शिवाय तोंडाच्या अस्तरातून गेलेलं निकोटिन थेट रक्तात उतरतं. गिळलेल्या निकोटिनचा मोठा भाग यकृत वाटेतच मोडून टाकतं, इथे ती चौकी लागत नाही. मेंदूपर्यंत ते जितकं झपाट्याने पोचतं तितकं व्यसन घट्ट होतं. या माणसाला तुम्ही 'मनावर ताबा ठेवा' सांगता आणि त्याच्या खिशातल्या चुन्याच्या डबीबद्दल चकार शब्द काढत नाही. हा उपचार नव्हे, हा त्या माणसाचा अपमान आहे.

आता गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, जो मला जास्त छळतो. १९५७ साली अमेरिकेत शोअर, ब्रॉडी आणि हॉगबेन या संशोधकांनी कुत्र्यांच्या शिरेत औषधं टोचली आणि त्यांचा जठररस तपासला. अल्कधर्मी औषधं रक्तापेक्षा जठररसात कितीतरी पटींनी जास्त सापडली. कोणी ती तिथे ढकलली नव्हती. भार नसलेले रेणू पटल ओलांडून आम्लात शिरले, तिथे त्यांना भार चढला आणि परतीची वाट बंद झाली. पटलाच्या दोन बाजूंचा सामू वेगळा असेल तर अल्कधर्मी औषध आम्ल बाजूला साठतं आणि आम्लधर्मी औषध अल्कली बाजूला. आयन ट्रॅपिंग म्हणतात ते हेच.

आम्ही हे शिकवतो कसं? ॲस्पिरिनची विषबाधा, शिरेतून बायकार्बोनेट, लघवी अल्कली झाली की ॲस्पिरिन तिच्यात अडकून बाहेर पडतं. उदाहरण उत्तम आहे, जीव वाचवणारं आहे. पण त्याच वर्गाच्या खिडकीखाली वॉर्डबॉय तंबाखू मळत उभा असतो, बाळंतिणीच्या वॉर्डात पिशवीच्या तळाशी मशेरीची डबी असते, आणि पाठ्यपुस्तकातलं तत्त्व त्या दोघांपर्यंत नेण्याची बुद्धी आमच्यातल्या फार थोड्यांना होते. शिकवणाऱ्यांनी आपल्या विद्येशी केलेली ही बेइमानी आहे.

मशेरी म्हणजे तव्यावर भाजून केलेली तंबाखूची काळी पूड. कोकणात, देशावर, मुंबईच्या चाळींत आणि वस्त्यांत असंख्य बायका ती दात घासायची म्हणून लावतात. हिरडीला चोळतात, तोंडात ठेवून बसतात, दिवसातून किती तरी वेळा. त्या स्वतःला तंबाखू खाणाऱ्या समजत नाहीत. 'तंबाखू खाता का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणतात आणि त्यात लबाडी नसते. 'मशेरी लावता का?' असंच विचारावं लागतं. गर्भवतीला लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, सोनोग्राफीची तारीख हे सगळं मिळतं. हा एक प्रश्न मात्र गर्दीच्या ओपीडीत मी फार क्वचित ऐकला आहे.

तो का विचारायचा, ते आकड्यांत सांगते. रक्ताचा सामू ७.४, आईच्या दुधाचा ७ च्या आसपास. फरक जेमतेम ०.४. पण निकोटिनसाठी हिशेब मांडला तर एवढ्याशा फरकानेही दुधातलं प्रमाण रक्तातल्या प्रमाणाच्या दुप्पट निघतं. प्रत्यक्ष मोजमापांत ते जवळजवळ तिप्पट आढळलं आहे. आणि ते दूध पिणारं बाळ? मोठ्या माणसाच्या रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं, नवजात बाळात त्याला अकरा तास लागतात. गर्भातही तीच कथा. गर्भाचं रक्त आईच्या रक्ताहून किंचित आम्ल असतं, म्हणून निकोटिन आईपेक्षा त्याच्याकडे थोडं जास्तच साठतं. गर्भजलात ते त्याहून जास्त.

मुंबईतच १२१७ गर्भवतींचा पाठपुरावा करून केलेला अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली होती. यांतल्या बहुतेक बायकांचा तंबाखू म्हणजे मशेरी. वजन घटण्याला एकटं साठणं कारणीभूत आहे असं मी म्हणणार नाही, निकोटिन इतरही मार्गांनी घात करतं. पण इतकी वर्षं हा अभ्यास छापलेला असताना प्रसूतिपूर्व तपासणीत मशेरीचा विषय निघत नसेल, तर त्याला निष्काळजीपणा हाच शब्द आहे.

इथेच दुसरी चूकही होते. कोणी तरी दूध आणि निकोटिन हे शब्द ऐकतो आणि बाईला सांगून मोकळा होतो, अंगावर पाजू नका. हा सल्ला घातक आहे. तोडायची ती मशेरी, दूध नव्हे. ती आज सुटत नसेल तर निदान बाळाला पाजून झाल्यावर लावा, आधी नको, कारण रक्तातलं निकोटिन उतरलं की दुधातलंही मागोमाग उतरतं. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं.

निकोटिनच्या च्युइंगगमची कथा तर याहून संतापजनक. स्वीडनच्या ओवे फेर्नो यांनी हा गम घडवला तेव्हा त्यात अल्कली क्षार मुद्दाम घालावे लागले, नाहीतर निकोटिन तोंडातून शोषलं जात नव्हतं. चुना जे काम करतो तेच काम तिथे तंबाखूपासून सुटका करण्यासाठी केलं. मग कॉफी, कोला किंवा लिंबूपाणी पीत पीत गम चघळला तर काय होणार? तोंड आम्ल होतं, निकोटिन भारित होतं आणि लाळेबरोबर पोटात जातं. माणूस म्हणतो, काही फायदा झाला नाही, आणि पुन्हा डबी काढतो. पंधरा मिनिटं आधी आणि गम तोंडात असेपर्यंत काही आम्ल प्यायचं नाही, भराभर न चावता मधूनमधून गालाशी धरून ठेवायचं, ही सूचना औषध देणाऱ्याने तोंडाने द्यायला हवी. ती न देता गम लिहून द्यायचा आणि नंतर 'तुमच्यात इच्छाशक्ती नाही' म्हणायचं, हा धंदा बंद झाला पाहिजे.

आणि सरकार? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते आणि २४.४ टक्के धूर न काढता तंबाखू वापरणारे. आपला तंबाखूचा प्रश्न तोंडातला आहे, तरी आपली बहुतेक भाषा सिगारेटची. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, ते योग्यच झालं. पण तंबाखूची पुडी आणि चुन्याची नळी आजही एकाच टपरीवर शेजारी शेजारी मिळतात, काही पुड्यांत तर एकत्रच. पुडीवर ८५ टक्के जागेत कर्करोगाचं चित्र छापायचं आणि व्यसन ज्याने जडतं त्या अल्कलीची नोंद कुठेच ठेवायची नाही. अमेरिकेत १९९९ पासून धूरविरहित तंबाखूच्या कंपन्यांकडून निकोटिनबरोबर मालाचा सामूही मागितला जातो, कारण नुसत्या निकोटिनच्या आकड्यावरून माल किती पकड घेईल ते कळत नाही हे तिथल्या यंत्रणेला उमगलं होतं. आपल्याकडे सामू मोजायला लागणारं यंत्र प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजात असतं. बाजारातली प्रत्येक पुडी चुन्यासकट आणि चुन्याविना तपासा, आकडे जाहीर करा, पुडीवर छापायला लावा, आणि चुना घालून किंवा चुना जोडून तंबाखू विकणं आधी बंद करा.